एकच गाणं मला सावरतं आणि ताईला मोडतं, असं का?

कातरवेळ

गेल्या श्रावणात आई गेली. तेराव्याच्या रात्री पाहुणे पांगले, घरात मी आणि ताई उरलो. कपाटावर आईचा कॅसेट प्लेअर होता. आत तिची भावगीतांची कॅसेट, तिनं शेवटची बंद केली तिथंच थांबलेली. मी बटण दाबलं. गाणं करुण, चाल संथ. तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस न आलेला मी पहिल्या ओळीलाच ढसाढसा रडलो. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

ताई आतल्या खोलीत होती. पुढचं कडवं सुरू व्हायच्या आत ती बाहेर आली, प्लगमधून वायर उपटली आणि म्हणाली, "तुला ऐकवतं तरी कसं रे हे?" पुढचे दोन दिवस ती धड जेवली नाही. त्यानंतर आजतागायत तिच्यासमोर ते गाणं लागलेलं नाही.

आई तीच, दुःख तेच, रात्रही तीच. मग असं का व्हावं? मी मुळात कमी बोलणारा, ताई बोलकी, दहा माणसांत रमणारी. स्वभावाचा फरक म्हणावा, तर माझाही अनुभव एकसारखा नाही. मार्चमध्ये ऑफिसात कडाक्याचं वाजलं. घरी येताना बसमध्ये मुद्दाम तेच गाणं कानात लावलं. त्या दिवशी ते निव्वळ रडगाणं वाटलं, अर्ध्यात बंद केलं. म्हणजे माणूस मीच, गाणं तेच, तरी परिणाम उलटा.

तुमचे अनुभव सांगा. कुणाचा यातला अभ्यास असेल तर तेही हवं आहे. हा प्रश्न वर्षभर डोक्यात आहे.

सोनकी

वाचताना गलबलून आलं. माझं ताईंसारखं आहे. बाबा गेल्यावर त्यांच्या आवडीची नाट्यपदं दोन वर्षं घरात लावली नाहीत. लोक म्हणायचे, ऐक, मन मोकळं होईल. होत नव्हतं. उलट छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. ज्याला झेपतं त्यानं ऐकावं, पण "ऐकलंस की बरं वाटेल" हा आग्रह कुणी कुणाला करू नये.

निवळशंख

कातरवेळ, मी समुपदेशक आहे, कोल्हापुरात. तुम्ही विचारलंय त्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरंच काम झालंय. त्यातला मोठा भाग फिनलंडमधल्या युवास्कुला विद्यापीठात झाला.

तिथल्या योना वुओस्कोस्की आणि तुओमास एरोला यांनी प्रश्न विचारला की करुण संगीतानं माणूस खरोखर दुःखी होतो, की 'हे दुःखी आहे' एवढंच त्याला कळतं? नुसतं "कसं वाटतंय" असं विचारलं तर माणसं अपेक्षित उत्तर देतात. म्हणून त्यांनी संगीत ऐकवल्यावर लोकांना चेहरे दाखवले आणि शब्द आठवायला लावले. मन दुःखी असलं की समोरचा चेहराही जास्त दुःखी दिसतो. स्वतः निवडलेल्या, आपल्या आयुष्याशी जोडलेल्या करुण संगीतानं लोक खरोखर दुःखी झालेले दिसले. अनोळखी, शब्द नसलेल्या करुण संगीतानं मात्र ज्यांच्यात परानुभूती जास्त होती, तेच दुःखी झाले. परानुभूती म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपल्या आत उमटण्याची शक्ती. २०१२ साली याच मंडळींनी आणखी एक पाहिलं. करुण संगीत *आवडतं* कुणाला? तर परानुभूती जास्त असलेल्यांना, आणि ज्यांचं मन नव्या अनुभवांना, कलेला, कल्पनेला उघडं असतं त्यांना. मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे पैलू मानतात, त्यातला हा एक.

तुमच्या बसमधल्या प्रसंगाबद्दल. त्या वेळच्या मनःस्थितीचा रंग गाण्यावर चढतो, हेही त्यांनी २०११ मध्ये मोजून दाखवलं. मन ज्या रंगात असेल त्याच रंगाच्या छटा संगीतात जास्त दिसतात, आणि हा रंग किती चढतो ते माणूस किती बहिर्मुख आहे त्यावरही ठरतं. म्हणजे स्वभाव आणि मनःस्थिती एकमेकांत मिसळूनच काम करतात. कॅनडातल्या ग्लेन शेलेनबर्ग यांच्या गटानं तर असं दाखवलं की एरवी लोकांना आनंदी संगीत करुण संगीतापेक्षा जास्त आवडतं, पण त्यांना आधी दुःखी केलं की ही आवड नाहीशी होते. तेराव्याच्या रात्री तुम्ही दुःखात होतात, गाणं तुमच्या सुरात सूर मिसळून आलं. बसमध्ये तुम्ही संतापलेले होतात. संतापलेल्या माणसाला दुःखाचा हात नको असतो.

ताईंबद्दल लिहायचं तर आधी एक विचारते. त्या दिवसांत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा उगाळत होत्या का?

कातरवेळ

निवळशंख, होय. आई शेवटचे नऊ दिवस दवाखान्यात होती आणि ताईच तिच्याजवळ होती. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. ताई अजूनही म्हणते, "सोमवारीच मोठ्या दवाखान्यात हलवलं असतं तर." रात्री दोनला फोन करून हेच म्हणते. डॉक्टरांनी समजावलं, मीही समजावलं. तिच्या डोक्यातला तो भुंगा थांबत नाही.

निवळशंख

वाटलंच होतं. आपल्या भाषेत याला फार नेमका शब्द आहे: रवंथ. गाय जसं खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळते, तसं मन तेच दुःख पुन्हा वर आणून चघळतं. गायीला ते पचतं, माणसाला पचत नाही. ऑस्ट्रेलियात सँड्रा गॅरिडो आणि एमरी शुबर्ट यांनी नेमकं हेच तपासलं. ज्यांना अशा रवंथाची सवय आहे, त्यांची मनःस्थिती दुःखी संगीत ऐकल्यावर आणखी खालावली. म्हणून करुण गाणी चांगली की वाईट हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. गाणं सुरू असताना मन काय करतंय ते पाहायला हवं. तुम्ही रडलात आणि झोपलात, म्हणजे गाणं तुम्हांला कुठेतरी घेऊन गेलं. ताईंना ते त्या सोमवारी परत नेऊन सोडत असणार.

तंबोरा_जवारी

मी गाणं शिकवतो, त्यामुळे सुरांच्या बाजूनं थोडं लिहितो.

मारवा राग घ्या. कोमल रे, पंचम (प) वर्ज्य, आणि षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, टेकायची मुभा फार कमी. गळा सतत घराबाहेर उभा असल्यासारखा. दिवेलागणीला मी मारवा शिकवायला बसलो की एक विद्यार्थिनी डोळे मिटून अर्धा तास हलत नाही. तिच्या शेजारचा मुलगा दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागतो. एकदा त्यानं स्पष्ट सांगितलं, "सर, याच्यानं मला घाबरल्यासारखं होतं." मी त्याला रागावलो नाही. त्याचा कान चांगला आहे, म्हणूनच त्याला ती अस्वस्थता ऐकू येते. त्याला मी भूप राग दिला, आता तो तासन्‌तास बसतो.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटानं २०१५ मध्ये १२ रागांवर अभ्यास प्रसिद्ध केला. सरोदवर वाजवलेला आलाप वेगळा आणि तालातली गत वेगळी ऐकवून लोकांना काय वाटतं ते विचारलं. एकाच रागाचा आलाप आणि गत यांनी वेगवेगळ्या भावना उठतात, लयीनं अंगात चेतना येते, आणि कोमल रिषभाचं (कोमल 'रे'चं) नातं अप्रिय, ताणाच्या भावनेशी जास्त लागतं, असं त्यात आलंय. म्हणजे सुरांतही काहीतरी आहे, सगळंच ऐकणाऱ्याच्या मनाचं नाही. एवढंच धाग्यात नोंदवून ठेवतो, नाहीतर चर्चा एका बाजूला झुकेल. पण माझ्या वर्गातली ती दोन मुलं एकाच लयीतला, एकाच गळ्यातला एकच मारवा ऐकत असतात. तिथं सूर संपतात आणि माणूस सुरू होतो.

पानगळ_७

तंबोरा_जवारी, प्रतिसाद फार आवडला. त्या मुलाला तुम्ही भूप दिलात याचं विशेष वाटलं. मला असे शिक्षक मिळाले असते तर कदाचित गाणं सुटलं नसतं.

हिंजवडीकर

थोडं वेगळं, पण स्वभावाचाच मुद्दा. आमच्या ऑफिसात दिवसभर स्पीकरवर गाणी असतात. टीममधल्या निम्म्यांचं त्याशिवाय काम होत नाही. मला ती सुरू झाली की चार ओळींचा कोडही दोनदा वाचावा लागतो. चार वर्षं मी समजत होतो की दोष माझ्यात आहे, माझी एकाग्रता कमी आहे.

मग लंडनचे मानसशास्त्रज्ञ एड्रियन फर्नहॅम यांचा १९९७ चा प्रयोग वाचनात आला. पॉप संगीत सुरू असताना अंतर्मुख लोकांना वाचलेलं समजायला आणि पाहिलेल्या गोष्टी थोड्या वेळानं आठवायला बहिर्मुख लोकांपेक्षा जड गेलं. शांततेत हेच अंतर्मुख लोक नीट काम करत होते. प्रयोग लहानसाच होता, पण त्यामागचं स्पष्टीकरण मला पटलं. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक म्हणायचे की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, त्याला बाहेरून फार चेतवायला लागत नाही. बहिर्मुखाला लागतं. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर वरून ओतलेलं सांडणारच.

मी मॅनेजरला हे नीट समजावून सांगितलं. आता दुपारी दोन ते चार स्पीकर बंद असतो. आश्चर्य म्हणजे आणखी तिघांनी येऊन आभार मानले.

एक_आई

पहिल्यांदाच लिहितेय. मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीनंतर जवळचा मित्र दुसऱ्या गावी गेला, तेव्हापासून दार लावून बसतो. एकच उदास गाणं रात्री पुन्हा पुन्हा वाजत असतं. मला भिंतीतून ऐकू येतं. विचारलं तर म्हणतो, "आई, मला बरं वाटतं त्यानं." खरंच बरं वाटत असेल का? की मी फोन काढून घ्यावा?

निवळशंख

ताई, फोन काढून घेऊ नका. आत्ता तरी नाही.

युवास्कुलाच्याच सूवी सारिकालिओ यांनी किशोरवयीन मुलांशी बोलून, ती संगीत कशाकशासाठी वापरतात ते २००७ मध्ये मांडलं. करमणूक, शीण घालवणं, भारून जाणं, लक्ष दुसरीकडे नेणं, मनातल्या रागादुःखाचा निचरा, झालेल्या गोष्टीचा विचार करून ती लावून घेणं, आणि दिलासा. तुमचा मुलगा यातलं काहीही करत असू शकतो, आणि यातलं बहुतेक सगळं त्या वयाला गरजेचं आहे. नैराश्य असलेले लोक उदास संगीत का निवडतात, यावर २०२० मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात त्या लोकांनीच सांगितलं की त्यानं शांत वाटतं. त्यामुळे मुलाचं म्हणणं खोटं धरू नका.

पण दुसरी बाजूही सांगते. पुढे याच सारिकालिओंनी सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी एक प्रश्नावली तयार केली. संगीताचा वापर निरोगी आहे की घातक, हे तिच्यातून कळतं. गाणं ऐकून वाईट आठवणींतच अडकायला होतं का, गाण्यात लपून माणसं टाळली जातात का, अशा अंगानं ते प्रश्न आहेत. आपल्याकडे हैदराबादच्या ट्रिपल आयटी या तंत्रज्ञान संस्थेत विनू अल्लुरी यांच्या गटानं ऑनलाइन संगीत ऐकणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना नैराश्याचा धोका जास्त होता, त्यांच्या ऐकण्यात उदास संगीताचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ गाण्यानं नैराश्य येतं असा नाही. ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत.

म्हणून गाणं राहू द्या, बाकीचं पाहा. जेवतो का, झोपतो का, आधी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का? गाणं संपल्यावर दार उघडून बाहेर येतो की आणखी आत जातो? दोन आठवड्यांहून जास्त काळ तो असाच मिटलेला राहिला, किंवा जगण्याबद्दल निरवानिरवीचं बोलला, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. आणि एकदा त्याच्या शेजारी बसून ते गाणं पूर्ण ऐका. सल्ला न देता.

एक_आई

उद्याच करते. मनापासून धन्यवाद.

सहृदय_वाचक

मराठी शिकवण्यात उभा जन्म गेला, म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही. निवळशंख म्हणतात ती परानुभूती आपल्याकडे फार जुन्या नावानं नांदते आहे. भरतानं नाट्यशास्त्रात करुण हा आठ रसांपैकी एक मानला. मग दुःखातून आस्वाद कसा, या प्रश्नावर पुढच्या आचार्यांनी शतकानुशतकं डोकं खपवलं. अभिनवगुप्तानं उत्तर दिलं ते साधारणीकरणाचं. रंगमंचावरचं दुःख माझं नाही, शत्रूचं नाही, मित्राचंही नाही, ते कुणाचंच न उरता सर्वांचं होतं, म्हणून त्याची चव घेता येते. आणि ती चव ज्याला घेता येते तो सहृदय. म्हणजे श्रोता कोण आहे यावर रस अवलंबून, हे त्यांनी आधीच मान्य केलं होतं. मराठीत न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी' मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःलाही पुरता विसरत नाही, या दुहेरीपणात आनंद आहे.

कातरवेळ, तुमच्या ताईंच्या बाबतीत हा दुहेरीपणाच शिल्लक नव्हता असं मला वाटतं. अंतर असेल तरच रस. ते दुःख साधारण झालेलं नव्हतं, ते सोमवारचंच होतं.

डब्लिनची_मावशी

इथे नोव्हेंबरात दुपारी साडेचारला अंधार पडतो. तेव्हा मी जुनी मराठी गाणी लावते आणि रडते, आणि ते रडणं मला हवं असतं. २०१४ च्या एका पाहणीत ७७२ लोकांना विचारलं होतं की करुण संगीतानं काय वाटतं. लिला तारुफी आणि स्टेफान कोल्श यांची ती पाहणी. सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर दुःख नव्हतं, गतकाळाची ओढ हे होतं. वाचून मला कुणीतरी ओळखल्यासारखं वाटलं. माझे आयरिश यजमान विचारतात, "इतकं रडायला येतं तर लावतेस कशाला?" त्यांना सांगते, हे रडणं साताऱ्याच्या घराच्या ओट्यावर बसून येण्यासारखं आहे.

कोरडा_पाषाण

मला कुठल्याच गाण्यानं काही होत नाही. आनंद नाही, दुःख नाही. लग्नाआधी बायकोला हे सांगितलं तेव्हा तिला वाटलं मी भावनाशून्य आहे. माझ्यासारखे आणखी कुणी आहेत का?

निवळशंख

आहेत. बार्सिलोनाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अशा माणसांचा अभ्यास केला. त्यांना सूर नीट ओळखू येतात, पैसे जिंकले की ते इतरांसारखेच खूश होतात, फक्त संगीतातून सुख मिळत नाही. तुम्ही भावनाशून्य नाही. पत्नीला हे जरूर दाखवा.

वाटाड्या

करुण गाण्यानं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवतं आणि त्यानं सांत्वन होतं, असं वाचलं होतं. ते खरं का?

निवळशंख

संगीत संशोधक डेव्हिड ह्युरन यांनी २०११ मध्ये मांडलेली ती कल्पना होती. एरोलांच्या गटानं नंतर प्रत्यक्ष मोजलं तर परानुभूती जास्त असलेल्यांमध्ये करुण संगीतानं प्रोलॅक्टिन वाढण्याऐवजी कमी झालेलं आढळलं. तेव्हा ते सध्या बाजूला ठेवलेलं बरं.

कातरवेळ, एक सांगायचं राहिलं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक युस्लिन म्हणतात की संगीत मनात एकाच वाटेनं शिरत नाही. सुरांतल्या भावनेची लागण ही एक वाट, आठवण ही दुसरी, केवळ सोबत घडल्यानं जडलेला संबंध ही तिसरी. तुम्ही आणि ताई ते गाणं वेगवेगळ्या वाटांनी ऐकत असाल. जमलं तर विचारा, तिला ते गाणं शेवटचं कुठे ऐकलेलं आठवतं.

कातरवेळ

चार दिवस धाग्यावर आलो नाही, कारण ताईला विचारलं.

हा सगळा धागा तिला वाचून दाखवला, फोनवरच. मध्ये ती काही बोलली नाही. मग निवळशंखांचा प्रश्न विचारला. खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, आई दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात ती कॅसेट रोज संध्याकाळी लावून घ्यायची. तेच गाणं, पुन्हा मागे न्यायला सांगून. शनिवारी ताई कामावरून थकून आली होती. आईनं चौथ्यांदा मागे न्यायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, आता पुरे ना गं." आई "बरं" म्हणाली. ताईनं बटण बंद केलं. गाणं अर्धंच राहिलं होतं. रविवारी आईला दवाखान्यात नेलं.

म्हणजे तेराव्याच्या रात्री मी बटण दाबलं, तेव्हा गाणं ताईनं बंद केलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं होतं. मला यातलं काही माहीत नव्हतं. वर्षभर मी स्वभावाचं आणि हळवेपणाचं गणित मांडत बसलो होतो.

आम्ही दोघंही खूप रडलो. निवळशंख, तुमच्या ओळखीतलं कुणी समुपदेशक नाशिकमध्ये असेल तर निरोप पाठवा, ताई भेटायला तयार आहे.

फोन ठेवताना तिनं विचारलं, "त्या कॅसेटची दुसरी बाजू ऐकलीस का कधी?" नाही ऐकली. ती म्हणाली, त्या बाजूला आईची लग्नाआधीची आवडती गाणी आहेत, आम्ही लहान असताना पोळ्या लाटताना ती गुणगुणायची ती. रविवारी ताई येणार आहे. प्लेअरला नवीन वायर आणून ठेवलीय.